व्हीएचएसमधून फोटो: पॉज करून काढावा की आख्खी कॅसेट उतरवावी?

लग्नामुंजीच्या जुन्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटमधून कुणाचा तरी फोटो हवा असेल, तर घरच्या कॉम्प्युटरवर दोन पद्धती आहेत. व्हीसीआर (कॅसेट चालवणारं यंत्र) पॉज करून, त्याचं चित्र कॉम्प्युटरवर घेणाऱ्या कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये स्नॅपशॉट घ्यायचा, किंवा आधी सगळी कॅसेट उतरवून मग फाइलमधली फ्रेम निवडायची. मी दोन्ही करून पाहिल्या आहेत.

पॉजचं काम झटपट होतं, डिस्कही भरत नाही. व्हीसीआर चार हेडचा (हेड म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा भाग) असेल तर चित्र बऱ्यापैकी स्थिर राहतं. आमचा दोन हेडचा. पॉज केलं की खरखरीचा आडवा पांढरा पट्टा यायचाच, कारण टेप थांबली की हेडची वाट तिच्यावरच्या तिरक्या ट्रॅकशी जुळत नाही. पुन्हा प्ले, पुन्हा पॉज. पट्टा आजीच्या कपाळावरून सरकायचा आणि हनुवटीवर यायचा. तेवढा वेळ हेड टेपची तीच जागा घासत असतात, म्हणून तर काही मिनिटांनी व्हीसीआर आपणहून पॉज सोडतो. इतक्या जुन्या टेपचे असे हाल मला बघवेनात. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

आख्खी कॅसेट उतरवायला वेळ लागतो, तीन तासांची असेल तर तीन तास. हफवाययूव्हीसारख्या लॉसलेस कोडेकमध्ये, म्हणजे चित्रातलं काही न गमावता साठवणाऱ्या पद्धतीत, तासाला ३० जीबीच्या आसपास जागा जाते. पण टेप एकदाच आणि सरळ चालते.

शिवाय खरी निवड इथेच करता येते. पालमध्ये (PAL, आपल्याकडची व्हिडिओ पद्धत) सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येकीत वेगवेगळ्या क्षणांची दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं. म्हणून अक्षता टाकणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात. व्हर्च्युअलडब या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये ही फील्ड सुटी करणारा यादिफ फिल्टर दुप्पट फ्रेमरेटवर लावला, की सेकंदाची ५० वेगळी चित्रं मिळतात. एकात डोळे मिटलेले असले तर दोन-चार चित्रं पुढे उघडलेले सापडतात. निवडलेलं चित्र ७२० × ५७६ वरून ७६८ × ५७६ करून पीएनजीत ठेवावं, नाहीतर चेहरे उभट दिसतात.

मोठ्या प्रिंटची आशा दोन्हीकडे नको. व्हीएचएसमध्ये मुळात तपशीलच कमी. पोस्टकार्ड आकारापर्यंत ठीक.

उद्याच एखादा फोटो हवा असेल आणि व्हीसीआर चांगला असेल, तर पॉजवर भागेलही. कॅसेटमध्ये आता हयात नसलेली माणसं असतील, तर मी तरी ती आख्खी उतरवूनच घेईन.