वाळवीच्या औषधाच्या नावाखाली फसवणूक : बडोद्यातला अनुभव

दांडिया बाजार, रावपुरा भागातली आपली जुनी घरं विटा-चुन्याची. भिंतींतच लाकडी खांब, भिंतींतच फडताळं. अशा घरांवर डोळा ठेवून पावसाळ्याच्या तोंडावर पेस्ट कंट्रोलची माणसं दारोदार फिरतात. त्यांतल्याच एकाने आमच्याकडून अठरा हजार रुपये उकळले आणि वाळवीला धक्काही लावला नाही. तो आमच्या गल्लीत अजून फिरतोय, म्हणून सगळं नीट लिहिते.

आल्या आल्या त्याने स्विचबोर्ड उघडला. आत टॉर्च मारली तर जळमटं, लांब पायांचे कोळी, झुरळं आणि कसरीच्या चंदेरी किडी. "बेन, आखी दीवाल पोली छे" (अख्खी भिंत पोकळ आहे) म्हणत भिंतीवर बोटं वाजवून दाखवली. सासूबाई पाय वर घेऊन पलंगावर बसल्या त्या उतरेचनात. जुन्या भिंतीच्या फटींत कोळी असतातच. ते बारीक किडे खायला तिथे येतात, लाकडाला तोंड लावत नाहीत. पण माणसाच्या अंगावर काटा आणायला कोळीच कामाला येतो, वाळवी तर डोळ्यांना दिसतही नाही.

मग फवारणी झाली. उग्र वास सुटला, फटींतून कोळी-झुरळं बाहेर पडून उलटी झाली, आणि घरातल्या सगळ्यांची खात्री पटली की औषध जालीम आहे. स्कर्टिंगच्या कडेने ड्रिलने भोकं पाडली, व्हाइट सिमेंटने बुजवली आणि पाच वर्षांच्या गॅरंटीचं कार्ड हातात दिलं.

पाऊस ओसरल्यावर फडताळातून पितळी डबे काढताना मागची फळी अंगठ्याखाली पापडासारखी दबली. वरचा रंग जसाच्या तसा, आत नुसती ओलसर माती. सुतारकाकांनी स्कर्टिंग उचकटलं. ती भोकं नखभर खोल होती, टाइलच्या खालीसुद्धा गेलेली नव्हती. त्यांच्या शेजारून मातीची बोटभर रुंद वाट थेट फडताळात चढली होती, आणि काकांनी ती पटाशीने खरवडली तेव्हा आत पांढरी वाळवी वळवळत होती. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत खाली हलकं लाकूड बसवलेलं होतं, ते पार पोखरलं गेलं.

ही वाळवी जमिनीत राहते आणि ओल धरून भिंतीतून वर चढते. त्यामुळे औषध मातीपर्यंत पोचलं नाही तर भिंतीवर कितीही फवारा, उपयोग शून्य. बांधलेल्या घरासाठी भारतीय मानक आहे, आयएस 6313 भाग 3. त्यात भिंतीच्या कडेने 12 मिलिमीटरची भोकं 30 सेंटिमीटर अंतरावर, फरशीच्या आरपार पाडून प्रत्येकात एक लिटरपर्यंत द्रावण सोडायला सांगितलंय. हिशेब करा. दहा बाय बाराच्या एकाच खोलीला चाळीसच्या वर भोकं लागतात. आमचं अख्खं घर त्याने पाठीवरच्या एका पंपात उरकलं!

वासावर तर अजिबात जाऊ नका. वाळवीसाठी वापरतात त्या इमिडाक्लोप्रिडला जवळपास वास नसतो. वाळवीला ते कळत नाही, ती त्यातूनच ये-जा करते आणि मरते. झुरळांवरचे झटपट फवारे बहुतेक उलट वागतात: त्यांची चाहूल लागली की वाळवी वाट बदलते. सीलबंद बाटली आपल्यासमोर फोडायला लावा, लेबलवरचं नाव आणि मुदत वाचा, मोबाइलवर फोटो काढा. द्रावण आपल्याच बादलीत कालवायला सांगा. बुजवण्याआधी एकदोन भोकांत सळई घालून बघा. कीटकनाशक कायदा 1968 खाली या धंद्याला परवाना लागतो, तो नंबर बिलावर मागा. आमच्या कार्डावर परवान्याचा नंबर नाही, औषधाचं नाव नाही, फक्त शिक्का आणि मोबाइल नंबर.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. त्यानंतर त्याचा स्वतःहून फोन आला, अर्धे पैसे परत देतो म्हणाला. मी साफ नाही सांगितलं. पलीकडच्या वाड्यातल्या काकूंकडेही तसंच कार्ड निघालं. त्या एकट्या राहतात, त्यांच्याकडून तर आमच्यापेक्षा जास्त घेतले. आता आम्ही दोघी मिळून ग्राहक आयोगात जाणार आहोत. कोणाकडे तसं बिननंबरचं कार्ड असेल तर फाडू नका, भोकांचे फोटो काढून ठेवा आणि आमच्याबरोबर तक्रार द्या.