आरटीएल-एसडीआर डोंगल : रेडिओ स्वस्त, त्याचा डेटा वाचणारा मात्र सावध हवा

टीव्हीसाठी बनवलेल्या आरटीएल२८३२यू या चिपवरचा हा यूएसबी डोंगल मी वर्षभर वापरत आहे. एसडीआर म्हणजे ज्याचे बरेचसे काम संगणकातले सॉफ्टवेअर करते असा रेडिओ. ही चिप रेडिओचे कच्चे नमुने (लहरींची क्षणोक्षणीची मोजमापे) थेट यूएसबीवर देऊ शकते हे २०१२ च्या सुमारास सर्वांना कळले आणि ऑस्मोकॉम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात तिच्यासाठी लिबआरटीएलएसडीआर ही लायब्ररी तयार झाली. एफएम ऐकायला डोंगल छान आहे, एवढे सांगून तो विषय सोडतो. मला लिहायचे आहे ते त्याचा डेटा प्रोग्रॅममध्ये न सांडता कसा घेता येतो याविषयी.

सेकंदाला २४ लाख नमुने, प्रत्येकाचे दोन बाइट (आठ-आठ बिटांचे दोन आकडे), म्हणजे सेकंदाला ४८ लाख बाइट. यूएसबी २.० ला हा वेग जड नाही. अडचण सातत्याची आहे. डोंगलमध्ये साठवायला जागा जवळजवळ नसल्यामुळे संगणकाने मागणीला थोडा उशीर केला की मधले नमुने जातात, आणि प्रवाहात अनुक्रमांक किंवा वेळेची नोंद नसल्याने ते गेल्याचे कळतही नाही. म्हणून लायब्ररीची असिंक्रोनस वाचनाची (मागण्या आधीच लावून ठेवून पार्श्वभूमीत वाचत राहण्याची) सोय मला सर्वांत मोलाची वाटते : ती प्रत्येकी २,६२,१४४ बाइटांचे १५ बफर (तात्पुरत्या साठवणीच्या जागा) आधीच रांगेत लावून ठेवते आणि या वेगाला एक बफर सुमारे ५५ मिलिसेकंदांत भरतो.

सुरुवातीला मी कॉलबॅकमध्येच, म्हणजे बफर भरला की लायब्ररी बोलावते त्या फंक्शनमध्येच, फूरिये रूपांतर (कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे हे काढणारे गणित) करून आलेखही काढत असे. आवाज मध्येच तुटायचा आणि मी अँटेना हलवत बसायचो. कॉलबॅकमध्ये फक्त रिंग बफरमध्ये (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरणाऱ्या साठ्यात) कॉपी आणि उरलेले सगळे दुसऱ्या थ्रेडकडे (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या भागाकडे), अशी वाटणी केल्यावर तुटणे थांबले.

सोबत येणारा आरटीएल-टेस्ट हा छोटा प्रोग्रॅम तर मला डोंगलइतकाच आवडला. तो चिपकडून नमुन्यांऐवजी ० ते २५५ असे चढते आकडे पुन्हा पुन्हा मागवतो आणि क्रम चुकला की 'किमान' इतके बाइट गळाले असे छापतो. हा 'किमान' प्रामाणिक आहे, कारण बरोबर २५६ बाइट गळाले तर क्रमात फट दिसणारच नाही. माझ्या एका स्वस्त यूएसबी हबची गळती याच प्रोग्रॅमने दाखवली. थेट पोर्टवर ती नव्हती.

लिनक्सवर कर्नलचा (प्रणालीच्या गाभ्याचा) टीव्ही ड्रायव्हर डोंगलचा आधीच ताबा घेतो, तो बंद करावा लागतो. नमुन्यातला प्रत्येक आकडा आठ बिटांचाच असल्यामुळे काटेकोर मोजमापासाठी मी हा डोंगल घेणार नाही. प्रवाही डेटा वाचायला शिकण्यासाठी मात्र जरूर घ्यावा.