हॉटेलचं किचन की फूड आर अँड डी? ठाणे-नवी मुंबईतल्या शेफलोकांसाठी

सीडीपी (किचनच्या एका सेक्शनचा प्रमुख) किंवा सू शेफ (हेड शेफच्या खालचा) झालात आणि घरचे म्हणतायत आता काहीतरी दिवसाचं बघ, तर फूड आर अँड डी, म्हणजे फूड कंपनीत नवीन पाकीटबंद पदार्थ तयार करायचं काम, डोक्यात येतंच. त्यात रबाळे, महापे, तुर्भे हा टीटीसी एमआयडीसीचा, म्हणजे कारखान्यांचा पट्टा जवळ, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली की पोचलात.

वेळेत तुलनाच नाही. हॉटेलला ब्रेक शिफ्ट (मधे काही तास सोडून दोन तुकड्यांत ड्युटी), क्लोजिंग करून बाहेर पडेस्तोवर शेवटची लोकल गेलेली, ३१ डिसेंबर तर विसराच. इकडे साधारण नऊ ते सहा, फक्त प्लांट ट्रायल (कारखान्याच्या लाईनवर रेसिपी करून बघणं) असली की रात्रीही थांबावं लागतं कारण लाईन मोकळी होईल तेव्हाच मिळते.

पण नुसत्या वेळेवर जाऊ नका. किचनमधे हात अंदाजाने चालतो, टोमॅटो आंबट निघाला की चिमूटभर साखर टाकली, विषय संपला. आर अँड डीत त्याच मखनीची व्हर्जनवर व्हर्जन काढायची, प्रत्येकात एकच गोष्ट बदलायची, सगळं ग्रॅममधे, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) मोजून, लिहून. आंबटपणा पण नुसता चवीचा राहत नाही. ओलसर ग्रेव्हीचा पीएच ४.६ च्या वर असेल आणि पाकीट फ्रीजबाहेर ठेवायचं असेल तर बॉट्युलिझमच्या (जीवघेण्या विषबाधेच्या) भीतीने साधारण १२१ डिग्रीला रिटॉर्ट (बंद पाकीट मशीनमधे दाबाखाली तापवणं) आलंच, आणि त्यात क्रीम फाटू शकतं, लसणाचा वास बदलतो, म्हणजे मशीनमधून बाहेर आल्यावर कसं लागेल ते धरून रेसिपी बांधायची. कढईत झकास लाल होणारा कांदा ३०० किलोच्या स्टीम केटलमधे (वाफेवर तापणाऱ्या मोठ्या भांड्यात) स्वतःच्याच पाण्यात शिजत बसतो, कारण मालाच्या मानाने वरचा पृष्ठभाग कमी, वाफ उडत नाही. मग तळलेला कांदा घ्या, परत कॉस्टिंग.

शेफ भाव खातो तो इथे: मार्केटिंगवाले म्हणतात "ढाब्यासारखं हवं", आणि ते धुरामुळे, कसुरी मेथीमुळे की तुपामुळे हे फूड टेक्नॉलॉजी शिकून आलेल्या पोरांना आपणच सांगायचं. (नंतर तेच येऊन म्हणतात बटर कमी करा, तो भाग वेगळा.)

पैशाचं म्हणाल तर सर्व्हिस चार्ज आणि ड्युटी मील गेलं हे धरूनच ऑफर बघा, सुरुवातीला हातात कमीही पडू शकतं. डिग्री नसेल तर वरच्या पोस्टला अडतं, माटुंग्याच्या आयसीटीतून (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था, तिथे फूड टेकही शिकवतात) आलेल्यांशी स्पर्धा असते. मसाला-सीझनिंगवाल्या कंपन्यांत ॲप्लिकेशन शेफ (कंपनीचा मसाला पदार्थात वापरून दाखवणारा) म्हणून शिरणं त्यातल्या त्यात सोपं, जोडीला म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेचा एखादा शॉर्ट कोर्स आणि एफएसएसएआय या सरकारी प्राधिकरणाचं फॉस्टॅक हे अन्न सुरक्षेचं ट्रेनिंग करून घ्या.

राजीनाम्याआधी एक करा, आपली एखादी ग्रेव्ही काट्यावर मोजून आठवडाभर रोज करा, रोज एकच बदल, रोज नोंद. तिसऱ्या दिवशी वही फेकावीशी वाटली तर सरळ सेंट्रल किचन (एका जागी शिजवून अनेक आउटलेटना पुरवणारं) बघा, तिथे स्टँडर्ड रेसिपी असते पण हात गॅसवरच राहतो.