जुन्या सेसनाचं जी१००० अपडेट, पुण्याच्या इंजिनियरबद्दलचा अनुभव

आमचं सेसना १७२ हे छोटं विमान सेकंडहँड घेतलेलं, बारामतीला उभं असतं, त्याच्या जी१००० च्या (कॉकपिटमधली डिजिटल स्क्रीनची यंत्रणा) सॉफ्टवेअर अपडेटसाठी पुण्याहून विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारे अ‍ॅव्हिऑनिक्सवाले बोलावले आणि खरंच सांगतो, माणूस एकदम पक्का. आल्याआल्या सॉफ्टवेअरच्या कार्डाला हातच लावला नाही, आधी लॉगबुक मागितलं, मग दोन्ही स्क्रीनवरचे व्हर्जन नंबर वहीत उतरवले, सेटिंगचे फोटो काढले. मी म्हटलं बॅटरी फुल आहे की, तर म्हणाले "साहेब, मधेच व्होल्टेज पडलं तर युनिट अडकेल", २८ व्होल्टचं ग्राउंड पॉवर (विमानाला बाहेरून दिलेली वीज) लावल्याशिवाय सुरुवातच नाही. नेव्हिगेशन डेटाबेस दर २८ दिवसांनी येतो ते काम वेगळं, हेपण नीट समजावलं. आधीच्या मालकाकडच्या नोंदी अर्धवट होत्या, त्या जुळवण्यातच दुपार गेली. पैसे थोडे जास्त घेतात, पण पुढच्या वेळी यांनाच बोलावणार.