एमर्सन-थोरोचा निवडक संग्रह: लेखन भारी, निवड अर्धवट

अमेरिकन ट्रान्सेन्डेंटलिझम (एकोणिसाव्या शतकातली एमर्सन, थोरो वगैरे लेखकांची विचारचळवळ, सत्य ज्याचं त्याला आतूनच कळतं म्हणणारी) एकाच पुस्तकात मिळेल म्हणून हा इंग्रजी पेपरबॅक ऑनलाइन मागवला. मागच्या कव्हरवर 'स्वतःवर विश्वास ठेवा, आयुष्य बदला' छाप मजकूर आहे आणि संपादकाने निवडही त्याच हिशोबाने केलीय. एमर्सनचा 'सेल्फ-रिलायन्स' आहे, थोरोच्या 'वॉल्डन'मधली (तळ्याकाठी घर बांधून साधं राहिल्याचं पुस्तक) थोडी प्रकरणं आहेत, शेवटी त्याचाच तुरुंगवाला निबंध, 'सिव्हिल डिसओबीडियन्स'. पण एमर्सनचा 'ओव्हर-सोल' हा निबंध नाही!

आता एमर्सन स्वतःचं ऐका म्हणतो ते कशाच्या जोरावर, तर सगळ्यांच्या आत एकच चैतन्य आहे आणि ते कळायला पाद्री, चमत्कार, ग्रंथ कशाचीच मध्यस्थी लागत नाही या श्रद्धेच्या जोरावर. दोन्ही निबंध १८४१च्या एकाच पुस्तकात आलेले. एक ठेवून दुसरा काढला की उरतो तो फक्त 'मी म्हणेन ती पूर्व दिशा'वाला माणूस, आणि आज रील्सवर एमर्सन दिसतो तो नेमका असाच. एमर्सनचं १८३८चं हार्वर्ड डिव्हिनिटी स्कूलमधलं (पाद्री घडवणारी शाळा) भाषणपण गाळलंय, ज्याच्यावरून तिथले धर्मपंडित इतके भडकले की पुढे जवळजवळ तीस वर्षं त्याला परत बोलावलं नाही (हा स्वतः आधी पाद्री, १८३२ मध्ये ते सोडलेलं, त्यामुळे घरचाच आहेर). मार्गारेट फुलर, 'द डायल' या याच मंडळींच्या नियतकालिकाची पहिली संपादक, बायकांच्या हक्कांवर १८४५ मध्ये अख्खं पुस्तक लिहिणारी, तिला प्रस्तावनेत एक ओळ. बस्स.

छपाईबद्दल तर बोलायलाच नको. वॉल्डन तळ्याकाठच्या घराच्या खर्चाचा तक्ता आहे ना, एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट, त्यातला अर्धा सेंट स्कॅनिंगमध्ये गळालाय. अर्ध्या सेंटने काय होतं म्हणाल, पण थोरोची मजाच त्यात आहे, खडू १ सेंट, गिलाव्यात घालायचे केस ३१ सेंट आणि पुढे शेरा की गरजेपेक्षा जास्त झाले, चुन्यापुढे शेरा की महाग पडला. साधं जगा म्हणणारे पुष्कळ असतात हो, असा जमाखर्च मांडून दाखवणारा हाच.

तुरुंगाचा निबंध मात्र पूर्ण आहे आणि टीपाही चांगल्या आहेत. गुलामगिरी चालवून घेणाऱ्या, मेक्सिकोशी लढणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून थोरोने १८४६ मध्ये एक रात्र कोठडीत काढली, कोणीतरी परस्पर कर भरला आणि दुसऱ्या दिवशी सुटका, मग त्यातून हा निबंध, जो पुढे गांधीजींनी वाचला, मार्टिन ल्यूथर किंग यांनीही वाचला, हे सगळं नीट दिलंय. पण आपल्याकडून तिकडे काय गेलं त्याचा पत्ताच नाही! तळ्याचा बर्फ कापून नेणारे येतात ते हिवाळ्याचं प्रकरण, ज्यात हा बर्फ जहाजाने आपल्याकडे पोचतो या कल्पनेने थोरो म्हणतो की मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक माझ्याच विहिरीचं पाणी पितात, तिथेच सकाळी गीता वाचल्याचं सांगतो आणि वॉल्डनचं पाणी गंगेत मिसळवतो, तेच नेमकं वगळलंय.

हे सगळं लेखन कधीच कॉपीराइटमुक्त झालंय, नेटवर फुकट मिळतं, म्हणजे पैसे द्यायचे ते निवडीचे आणि छपाईचे, आणि दोन्हीकडे मार खाल्लाय. दोन स्टार, तेही त्या तुरुंगाच्या टीपांमुळे.