मोजण्याआधीच ठरलेली पातळी : एका ऑनलाइन भाषाचाचणी सेवेचे परीक्षण

भाषेची चाचणी घेऊन पातळी ठरवून देणारी आणि त्या पातळीनुसार शिक्षक नेमून देणारी एक ऑनलाइन सेवा मी तीन भाषांसाठी वापरली. सेवेचे नाव येथे देत नाही. ज्या दोषांविषयी मी लिहिणार आहे ते अशा इतर सेवांतही थोड्याफार फरकाने आढळू शकतात, आणि पैसे भरण्याआधी नेमके काय तपासून पाहावे हे कळणे वाचकाला नावापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. हे परीक्षण मुख्यतः ज्यांचे बालपण एकाहून अधिक संस्कृतींत गेले त्यांच्या दृष्टीने लिहिले आहे. अशा मुलांसाठी ‘थर्ड कल्चर किड्स’ ही संज्ञा १९५०च्या दशकात रूथ यूसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी रूढ केली. माझ्या बाबतीत घरात एक भाषा होती, शाळेत दुसरी, आणि वयात येताना देश बदलल्यावर तिसरी आली. तिन्ही माझ्या आहेत. मात्र एकही सर्व अंगांनी पूर्ण नाही. एखाद्या सेवेने हे कसे मोजावे, हाच या परीक्षणाचा प्रश्न आहे.

नोंदणीच्या अर्जातच पहिली अडचण येते. मातृभाषा कोणती, या प्रश्नाला एकच उत्तर निवडता येते आणि ते निवडल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. हा प्रश्न केवळ माहितीसाठी असता तर त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नव्हते. पण पुढची सगळी वाट त्याच उत्तरावर ठरते. निवडलेल्या भाषेची संभाषणचाचणी वगळली जाते, तिच्यातील पातळी सर्वोच्च धरली जाते आणि उमेदवाराला थेट वरच्या वर्गाच्या लेखनाकडे पाठवले जाते. उरलेल्या भाषांची चाचणी मात्र स्वतःची ओळख करून देण्यापासून सुरू होते. मी घरची भाषा निवडल्यामुळे तिच्यातील माझे पहिले काम होते भाडेकरारातील एका अटीला हरकत घेणारे औपचारिक पत्र लिहिणे. ज्या भाषेत मी भांडू शकते, लहान मुलाची समजूत काढू शकते, कोणाच्या आजारपणाची बारीकसारीक हकिकत सांगू शकते, त्या भाषेत असे पत्र मला कधीच लिहावे लागले नव्हते. याउलट ज्या शाळेच्या भाषेत मी निबंध, अर्ज आणि अहवाल लिहीत मोठी झाले, तिच्यात मला रंगांची नावे विचारली गेली.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. द्विभाषिक माणूस म्हणजे एका देहात राहणारे दोन एकभाषिक नव्हेत, असे फ्रान्स्वा ग्रोजाँ यांनी १९८९ मध्ये मांडले. माणूस आपल्या वेगवेगळ्या भाषा वेगवेगळ्या कामांसाठी आणि वेगवेगळ्या माणसांशी वापरतो, त्यामुळे त्या सर्व क्षेत्रांत सारख्या वाढत नाहीत, हे त्यांचे सूत्र आहे. त्याआधी, १९७९ मध्ये, जिम कमिन्स यांनी रोजच्या बोलण्यातील सफाई आणि अभ्यासाच्या, कागदोपत्री व्यवहाराच्या भाषेवरील पकड या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचे दाखवून दिले होते. एक आहे म्हणून दुसरी असेलच असे नाही, आणि हे दोन्ही दिशांनी खरे आहे. सेवेचा अर्ज मात्र एका रकान्यावरून दोन्हींचा निकाल लावतो.

संभाषणाची मुलाखत हा या सेवेचा सर्वांत महागडा भाग आहे आणि जाहिरातही त्याचीच अधिक केली जाते. अशा मुलाखतीचे तंत्र साधे आहे : परीक्षकाने प्रश्नांची काठिण्यपातळी हळूहळू वाढवत न्यायची, उमेदवार जेथे अडखळू लागतो ती जागा शोधायची आणि तिच्या जरा खाली पातळी निश्चित करायची. शाळेच्या भाषेतील माझ्या मुलाखतीत ही चढण सुरूच झाली नाही. परीक्षकांनी माझे नाव वाचले, पडद्यावर माझा चेहरा पाहिला आणि ते शब्द सुटे सुटे करून, सावकाश बोलू लागले. मी पूर्ण वाक्यांत उत्तर दिल्यावर त्यांनी माझ्या उच्चारांचे कौतुक केले आणि ही भाषा मी कोठे शिकले असे विचारले. मी शाळेत शिकले असे सांगितले, त्यावर ‘वर्गात शिकून इतके छान!’ असे ते म्हणाले. त्यानंतर सुट्टीत काय करता, सकाळी किती वाजता उठता, असेच प्रश्न येत राहिले. सोप्या प्रश्नांना दिलेल्या बिनचूक उत्तरांतून मधल्या पातळीपलीकडचे काही सिद्ध होऊ शकत नाही, आणि निकालही अर्थातच मधल्या पातळीचा लागला. परीक्षक अत्यंत सौजन्याने वागले हे नमूद केले पाहिजे. गुण कमी पडले ते त्या सौजन्यामुळेच.

घरच्या भाषेची मुलाखत मी अर्जातील उत्तर बदलून मुद्दाम मागून घेतली. तेथे चित्र नेमके उलटे होते. नाव आणि चेहरा ‘जुळत’ असल्यामुळे परीक्षक बाई पहिल्या वाक्यापासून भरभर आणि म्हणींची पेरणी करत बोलत होत्या. अर्थव्यवस्थेवरील एका प्रश्नाला उत्तर देताना मी शब्द शोधत थांबले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते परीक्षकाचे कुतूहल नव्हते. नातेवाइकांच्या घोळक्यात ‘हिला आपली भाषा धड येत नाही’ म्हणताना दिसते तसली नाराजी होती. एखाद्या परक्याने तेवढाच विराम घेतला असता तर त्याला विचार करायला वेळ मिळाला असता. माझ्या विरामाची नोंद शेऱ्यात ‘आत्मविश्वासाचा अभाव’ अशी झाली.

चेहऱ्याचा कानावर परिणाम होतो हे मी नाराजीच्या भरात म्हणत नाही. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अमेरिकी विद्यार्थ्यांना मूळ इंग्रजीभाषक स्त्रीच्या आवाजातील ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले होते. काहींसमोर गौरवर्णीय शिक्षिकेचे छायाचित्र होते, काहींसमोर आशियाई चेहऱ्याचे. आवाज एकच असूनही आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना उच्चार परका वाटला आणि व्याख्यानाचे आकलनही त्यामुळे ढासळल्याचे दिसले. परीक्षकांनाही याच जातीचे कान असतात. त्यामुळे मुलाखतीपूर्वी नाव आणि चेहरा झाकण्याची सोय असणे ही चैन मानता येणार नाही.

आणि ती सोय या सेवेत आहे, हे सांगायला हवे. सेटिंगमध्ये खोलवर, ‘नेटवर्क कमकुवत असल्यास’ या शीर्षकाखाली, केवळ आवाजावर मुलाखत देण्याचा पर्याय ठेवलेला आहे आणि तेथे उमेदवाराच्या नावाऐवजी क्रमांक दिसतो. शाळेच्या भाषेची मुलाखत मी या मार्गाने पुन्हा दिली. या वेळच्या परीक्षकांनी सकाळी उठण्याची वेळ विचारली नाही. सक्तीच्या मतदानाच्या बाजूने बोलायला सांगितले, नंतर त्याच मताचे खंडन करायला लावले, आणि शेवटी एका उपरोधिक परिच्छेदातील लेखकाची खरी भूमिका कोणती असे विचारले. तेथे मी अडखळले, आणि तेथेच अडखळणे योग्य होते. पातळी दोन पायऱ्यांनी वर गेली. परीक्षक वेगळे होते, विषय वेगळे होते, त्यामुळे केवळ एवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता येणार नाही. पण जो पर्याय चाचणी निःपक्ष करण्याची शक्यता आहे तो नेटवर्कच्या तक्रारींखाली दडवून ठेवण्याचे कारण मला समजलेले नाही.

उच्चारांचे गुण संगणक देतो. या भागावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. पाच मोठ्या कंपन्यांच्या वाक्-ओळख प्रणाली तपासणारा जो अभ्यास २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्यात गौरवर्णीयांच्या बोलण्यातील सरासरी १९ टक्के शब्द चुकीचे टिपले गेले, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यातील ३५ टक्के, आणि दोन्ही गट इंग्रजीच बोलत होते. तिन्ही भाषांचे सूर एकमेकांत मिसळलेल्या माणसाने या गुणांकडे दुर्लक्ष करावे.

चाचणीनंतर मिळणारा अहवाल अर्धा उत्तम आहे. श्रवण, वाचन, संभाषण आणि लेखन यांच्या पातळ्या ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांच्या युरोपीय चौकटीनुसार स्वतंत्रपणे दिलेल्या असतात आणि प्रत्येकीखाली उमेदवाराच्या उत्तरांतील नमुनेही असतात. माझ्या घरच्या भाषेच्या अहवालात श्रवण सर्वांत वरच्या पायरीवर आणि लेखन तिसऱ्या पायरीवर होते, आणि हे चित्र मला ओळखीचे वाटले. पण पहिल्या पानावर या चारही आकड्यांची सरासरी काढून एकच पातळी मोठ्या अक्षरांत छापलेली असते, आणि पुढे शिक्षक, वर्ग, पुस्तके हे सगळे त्या सरासरीवरूनच ठरते. वास्तविक २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही चौकट असमान क्षमतांना जागा देते; सी-२ ही पातळी म्हणजे मूळ भाषकाची क्षमता नव्हे, हेही तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. २०२० च्या पूरक खंडात तर पातळ्यांच्या वर्णनांतून मूळ भाषकाचा उल्लेखच काढून टाकण्यात आला. सेवा मात्र सी-२ समोर अजूनही ‘मूळ भाषकासारखे’ असेच छापते.

‘वारसा-भाषा’ या नावाचा एक खास अभ्यासक्रम माझ्यासारख्यांसाठी सुचवला गेला. तो घेऊ नये. त्यातील जवळजवळ प्रत्येक पाठात कोणीतरी आजीच्या आठवणी काढतो किंवा आपण नक्की कुठले या प्रश्नाने व्याकूळ होतो. मला विमा पॉलिसीतील अटी वाचायच्या होत्या.

आता या सेवेच्या सर्वांत चांगल्या भागाविषयी, ज्यासाठी मी तिची शिफारस अजूनही करू शकते : लेखनाच्या वैयक्तिक तासिका. मला लाभलेल्या शिक्षिकांनी पहिल्याच तासिकेत अहवाल बाजूला ठेवला आणि ही भाषा तुम्ही आजवर कोणाकोणाशी आणि कशाबद्दल बोलत आलात, असे विचारले. नोंदणीच्या अर्जात जो प्रश्न असायला हवा होता तो येथे प्रथमच आला. माझ्या उत्तरातून त्यांनी कामाचा मार्ग काढला. भाडेकराराच्या त्याच पत्रासाठी त्यांनी मला आधी तो सगळा वाद आत्याला सांगावा तसा तोंडी सांगायला लावला आणि तो ध्वनिमुद्रित करून घेतला. मग एकेक वाक्य घेऊन घरमालकाला लिहिताना यातले काय राहील, काय गळेल आणि कोठे वाक्यरचना बदलेल हे माझ्याकडूनच काढून घेतले. ‘अहो, आधी कबूल केलं होतं आणि आता फिरलेत’ या वाक्यापासून ‘यापूर्वी मान्य केलेल्या अटीत आपण परस्पर बदल केला असल्याचे दिसते’ येथपर्यंत मी त्यांच्या मदतीने, पण स्वतःच्या पायांनी पोहोचले. भाषा मुळात येत नाही असे गृहीत धरून शिकवणे आणि येणाऱ्या भाषेला नवे काम शिकवणे यांत केवढे अंतर आहे, ते त्या एका तासात कळले.

व्यावहारिक बाबी थोडक्यात. तासिका रद्द केल्यास शुल्क परत मिळते आणि त्यासाठी खेटे घालावे लागत नाहीत. सेवेचे प्रमाणपत्र व्हिसा किंवा विद्यापीठ प्रवेशासाठी ग्राह्य नाही, हे ठळकपणे लिहिलेले आहे, आणि हा प्रामाणिकपणा उल्लेखनीय आहे. मातृभाषेच्या रकान्याबद्दल मी केलेल्या तक्रारीला उत्तर आले, परंतु त्यात आपले उत्तर ‘केव्हाही बदलता येईल’ एवढेच होते. ते एकच का असावे लागते, याविषयी काही नव्हते.

ही सेवा घ्यायचीच असेल तर अर्जात मातृभाषा म्हणून अशी भाषा निवडावी जिची चाचणी तुम्हाला द्यायची नाही. मुलाखत फक्त आवाजावर द्यावी. अहवालाचे पहिले पान उलटून चार स्वतंत्र पातळ्यांवर यावे आणि शिक्षक निवडताना त्या पातळ्या लेखी कळवाव्यात. मी घरच्या भाषेतील लेखनाच्या तासिका त्याच शिक्षिकांकडे पुढे चालू ठेवल्या आहेत. शाळेच्या भाषेचे वर्ग मात्र घेतलेले नाहीत, कारण सेवेच्या नोंदीत पहिल्या मुलाखतीचा निकाल अजूनही ग्राह्य धरलेला आहे आणि त्यानुसार मला सुचवलेला पुढचा धडा घड्याळ वाचण्याचा आहे.