स्विमिंग पुलात टाकायच्या टीसीसीए ९० च्या २०० ग्रॅमवाल्या क्लोरीनच्या गोळ्या: चांगल्या आहेत, पण दुकानदार निम्मंच सांगतो

बेळगावजवळ जांबोटी रोडला आमच्या साडूंचं फार्महाऊस आहे, तिथं १० बाय ४ मीटरचा छोटा स्विमिंग पूल आहे, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ५० हजार लिटर पाणी धरा. पाण्याचं बघायचं काम माझ्याकडंच असतंय म्हणून लिहितोय. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही, डब्यावर टीसीसीए ९० (म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) लिहिलंय ना, मग आतला माल सगळीकडं जवळपास तोच.

आधी चांगलं सांगतो. आपल्याकडं बऱ्याच फार्महाऊसवर अजून ब्लीचिंग पावडर आणि तुरटी असाच कारभार चालतो, मग तळाला चुन्याचा गाळ बसतो आणि माळीमामा दुपारभर व्हॅक्यूम मारत बसतात. गोळ्यांचं तसं नाही, फ्लोटरमध्ये (पाण्यावर तरंगणाऱ्या भोकांच्या डब्यात) टाकली की हळूहळू विरघळते, गाळ नाही, रोज मापून ओतायची कटकट नाही, आणि शनिवार-रविवारीच जाणाऱ्या माणसाला तर हे बरंच पडतं. कामी येणारं (अव्हेलेबल) क्लोरीन ९० टक्के धरतात, त्यामुळं एका गोळीनं ५० हजार लिटरला साडेतीन पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) आसपास मिळतं. पाण्यात १ ते ३ राहिलं की झालं, पीएच ७.२ ते ७.८.

आता जे दुकानात कुणी सांगत नाही ते. या गोळीत क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिड असतं, त्यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. ते पाहिजेच, कारण नुसतं क्लोरीन आपल्या एप्रिलच्या उन्हात दोन तासांत निम्म्याहून जास्त उडून जातं. पण क्लोरीन खर्च होतं आणि हे मात्र पाण्यातच राहतं, साठत जातं. हिशोब करा की, दर गोळीमागं आपल्या पुलात दोन पीपीएमच्या वर स्टॅबिलायझर वाढतं, एक दिवसाआड एक गोळी धरली तर महिन्याला तीसच्या वर. पाहिजे किती, तर ३० ते ५०. म्हणजे फेब्रुवारीत नवीन पाणी भरून नुसत्या गोळ्यांवर चालवलं तर मे येईपर्यंत शंभराच्या घरात, आणि मग क्लोरीन पाण्यात असूनही काम करत नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या फार्मचा माणूस अगदी हेच म्हणत आला, "गोळ्या टाकूलालोय की ओ, तरी पाणी हिरवंच हाय, दुकानवाला अजून दोन टाका म्हणतोय." अजून दोन टाकल्या की अजून स्टॅबिलायझर, काय उपयोग? त्याच्याकडं ती दोन बाटल्यांची स्वस्त किट होती, पिवळा रंग क्लोरीनचा, लाल रंग पीएचचा. पिवळा तर चांगला गडद येत होता! ती किट एकूण क्लोरीन दाखवते, त्यातलं मोकळं, म्हणजे काम करायला शिल्लक असलेलं, किती ते सांगत नाही, आणि स्टॅबिलायझरचा तर त्यात पत्ताच नाही. त्याची टेस्ट वेगळी असते, पाण्यात औषध घातलं की दुधासारखं गढूळ होतं, मग ते नळीत ओतत वरून बघायचं, तळातला काळा ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा. त्याचं पाणी जेमतेम थोडंच ओतलं तर ठिपका गायब, म्हणजे भरपूरच. निम्मं पाणी सोडून नवीन भरलं, क्लोरीन चढवलं, तेव्हा कुठं तळ दिसला.

म्हणून माझी पद्धत अशी की हंगामाच्या सुरवातीला गोळ्या, स्टॅबिलायझर ५० ला टेकला की गोळ्या बंद आणि कॅनमधलं लिक्विड क्लोरीन संध्याकाळी उतरत्या उन्हात. १० टक्केवालं एक लिटर टाकलं की २ पीपीएम. लिक्विड ताजं बघून घ्या, उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये दम राहत नाही. गोळ्या आम्लधर्मी असतात, त्यामुळं अल्कलिनिटीही (पाण्याचा पीएच स्थिर धरणारा क्षारपणा) घसरते, ८० पीपीएम च्या खाली गेली तर टाइल्सच्या सांध्यांतलं ग्राऊट खायला लागतं. त्याला खायचा सोडा पुरतो, ५० हजार लिटरला १० पीपीएम चढवायला ८००-८५० ग्रॅम.

बोअरचं पाणी भरणार असाल तर आधी पांढऱ्या बादलीत थोडं घेऊन त्यात चिमूटभर क्लोरीन टाकून बघा. आमच्या बाजूला लाल माती, बऱ्याच ठिकाणी पाण्यात लोह असतं, चहासारखा रंग आला की समजायचं हे थेट पुलात सोडायचं नाही. पावसाळ्यात मात्र खानापूर पट्ट्याची चैन असते, पाऊसच इतका की पूल भरून वाहतो आणि स्टॅबिलायझर आपोआप खाली येतो, फक्त सोबत अल्कलिनिटीही उतरते तेवढं बघायचं. अथणीकडं पाऊस कमी, तिथं मुद्दाम पाणी बदलावं लागणार आणि उन्हाळ्यात टँकर मागवायचा म्हणजे काय ते तिकडच्यांनाच विचारा.

गोळ्यांना पाचपैकी साडेतीन. स्टॅबिलायझर मोजायची किट नसेल तर पाचपैकी दोनच.

एक मात्र पाळा, ब्लीचिंग पावडर आणि या गोळ्या एका फ्लोटरमध्ये किंवा एका डब्यात कधीच एकत्र करायच्या नाहीत, पेट घेतं, स्फोटसुद्धा होतो. ॲसिडचा कॅनही लांब ठेवायचा. आणि डबा पंपरूममध्ये नको, झाकण घट्ट लावलं तरी वास सुटतोच आणि मोटारीचं लोखंड गंजून जातं.